पोर्शची सुरुवात पेट्रोलवर नाही, बॅटरीवर झाली होती

पनवेल सोडून एक्स्प्रेसवेला लागलं की खालापूरपर्यंत गाडी मजेत पळते. खरी परीक्षा पुढे बोरघाटात होते. त्यात गाडी पंधरा वर्षं जुनी हायब्रिड असेल, तर घाट चढताना बॅटरीचा काटा बघता बघता खाली येतो आणि सगळा भार पेट्रोल इंजिनवर पडतो.

भारतात होंडा सिव्हिक हायब्रिड २००८ मध्ये आली, टोयोटा प्रियस २०१० मध्ये. या गाड्यांमध्ये निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी होती. ती आता म्हातारी झाली आहे. म्हणून अशा गाडीच्या मालकाला प्रश्न पडतो की, जुनी बॅटरी काढून मोठी लिथियमची बसवली आणि ती घरच्या प्लगवर चार्ज केली तर?

हा प्रश्न आजचा वाटतो. पण बॅटरी आणि इंजिन एकाच गाडीत नांदवायचं कसं, हे कोडं एका तरुणानं १९०० साली सोडवायला घेतलं होतं. त्याचं नाव फर्डिनांड पोर्श. हो, तीच पोर्श. जिच्या गाड्यांचे पोस्टर पोरं भिंतीवर लावतात.

पत्र्याच्या दुकानातला पोरगा

फर्डिनांडचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ चा. गाव माफर्सडॉर्फ. तेव्हा ते ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात होतं, आज चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटोन पत्र्याचं काम करायचे. थोरला भाऊ वर्कशॉपमधल्या अपघातात गेला आणि धंदा पुढे चालवायची जबाबदारी फर्डिनांडवर आली.

पण पोराचं लक्ष पत्र्यात नव्हतं, विजेत होतं. गावातल्या गालिच्यांच्या कारखान्यात विजेचे दिवे लागले होते आणि तो ते बघून वेडा झाला होता. वडिलांना हे उद्योग बिलकुल पसंत नव्हते. तरी दिवसा दुकानात काम आणि संध्याकाळी तंत्रशाळा असं त्यानं चालू ठेवलं. अठराव्या वर्षाच्या आसपास त्यानं स्वतःच्या घरात विजेचे दिवे लावून दाखवले. वडिलांचा विरोध तिथे मावळला.

१८९३ मध्ये तो व्हिएन्नाला गेला आणि बेला एगर या विजेची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत लागला. इंजिनिअरिंगची पदवी त्यानं कधीच घेतली नाही. वेळ मिळेल तसा तिथल्या तंत्र विद्यापीठात जाऊन मागच्या बाकावर बसायचा, एवढंच. तरी चारेक वर्षांत तो कंपनीच्या चाचणी विभागाचा प्रमुख झाला.

मोटर थेट चाकात

व्हिएन्नात लोनर नावाची कंपनी राजघराण्यासाठी घोडागाड्या बनवायची. मालक लुडविग लोनर यांना दिसत होतं की घोड्यांचे दिवस संपत आलेत. त्यांनी पोर्शला बोलावून घेतलं.

पोर्शची कल्पना साधी होती. मोटरपासून चाकापर्यंत ताकद न्यायला पट्टे, साखळ्या, गिअर लागतात आणि त्यात बरीच ताकद वाया जाते. मग मोटर थेट चाकाच्या मधोमधच का बसवू नये? १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोनर-पोर्श गाडी मांडली गेली तेव्हा तिच्या पुढच्या दोन्ही चाकांत मोटर होती. गिअर नाही, साखळी नाही. त्याच वर्षी व्हिएन्नाजवळच्या सेमरिंग घाटात १० किलोमीटरची चढण त्यानं अशाच विजेच्या गाडीनं पंधरा मिनिटांच्या आत पार केली.

मग अडलं कुठे? बॅटरीत.

तेव्हा लेड-ॲसिड बॅटरी होती, आज इन्व्हर्टरला लावतो त्याच जातीची. गाडीचं वजन ९८० किलो, त्यातली ४१० किलो नुसती बॅटरी. एवढं करून एका चार्जमध्ये गाडी ५० किलोमीटरच्या आसपास जायची. त्यातच ई. डब्ल्यू. हार्ट नावाच्या इंग्रज ग्राहकानं चारही चाकांत मोटर असलेली गाडी मागवली. तिची बॅटरी तब्बल १,८०० किलोची होती. लांब जायचं तर बॅटरी वाढवायची, बॅटरी वाढली की वजन वाढतं, आणि वजन ओढायला पुन्हा जास्त बॅटरी. या चक्राला अंत नव्हता.

‘कायम जिवंत’ गाडी

यावरचा उपाय म्हणजे सेम्पर व्हीवस. हे लॅटिन नाव आहे, अर्थ कायम जिवंत. यात बॅटरी लहान केली आणि दोन छोटी पेट्रोल इंजिनं बसवली. ही इंजिनं चाकं फिरवत नव्हती. ती जनरेटर फिरवायची, त्यातून वीज तयार व्हायची आणि ती चाकातल्या मोटरला व बॅटरीला मिळायची. आज याला सिरीज हायब्रिड म्हणतात. प्रत्यक्षात चाललेल्या अगदी सुरुवातीच्या हायब्रिड गाड्यांमध्ये तिची गणना होते.

पुढे हीच कल्पना सुधारून मिक्स्ट नावाची विक्रीची गाडी निघाली. १९०२ मध्ये लष्करी सेवेत असताना पोर्श यांनी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड याला अशा गाडीतून फिरवलं. पण गाडी महाग होती, जड होती आणि तिच्या मानानं टायर कच्चे होते. दरम्यान साधी पेट्रोल गाडी स्वस्त होत गेली. १९०६ मध्ये पोर्श लोनर सोडून ऑस्ट्रो-डाइमलरमध्ये गेले.

कौशल्य कुणाच्या कामी?

इथून पुढची गोष्ट इतकी सरळ नाही.

पहिल्या महायुद्धात पोर्श यांचं पेट्रोल-वीज तंत्र अवजड तोफा ओढायला वापरलं गेलं. १९१७ मध्ये व्हिएन्नाच्या त्याच तंत्र विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९३१ मध्ये त्यांनी स्टुटगार्टला स्वतःचं डिझाइन ऑफिस काढलं. भागीदारांपैकी एक होते रेसिंग ड्रायव्हर अडॉल्फ रोझेनबर्गर. ते ज्यू होते. १९३५ मध्ये त्यांचा हिस्सा नाममात्र किमतीत काढून घेतला गेला. त्याच वर्षी त्यांना अटक होऊन छळछावणीत पाठवण्यात आलं. सुटल्यावर त्यांना देश सोडावा लागला.

पोर्श मात्र हिटलरच्या मर्जीतले इंजिनिअर झाले. १९३४ मध्ये त्यांना लोकांसाठी स्वस्त गाडी बनवायचं कंत्राट मिळालं. तीच पुढची फोक्सवॅगन बीटल. १९३७ मध्ये ते नाझी पक्षाचे सदस्य झाले. युद्धात फोक्सवॅगनच्या कारखान्यात युद्धकैदी आणि छळछावणीतले कैदी धरून हजारो लोकांकडून सक्तीनं काम करून घेतलं गेलं. त्या कारखान्याच्या प्रमुखांमध्ये पोर्श होते.

जुनं हायब्रिडचं स्वप्नही त्यांनी सोडलं नव्हतं. टायगर रणगाड्यासाठी त्यांनी पेट्रोल इंजिन, जनरेटर आणि विजेच्या मोटर अशीच रचना दिली. ती चाचण्यांत सारखी बंद पडली आणि कंत्राट हेन्शेल कंपनीला गेलं. तयार झालेल्या नव्वदच्या आसपास सांगाड्यांवर मग रणगाडाभेदी तोफा चढवल्या. त्या वाहनाला नाव दिलं गेलं फर्डिनांड.

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी पोर्श यांना अटक केली. दीडेक वर्षाहून जास्त काळ ते कैदेत होते, त्यातला बराचसा दीजोंच्या तुरुंगात. मुलगा फेरी यानं इटलीतल्या एका कंपनीसाठी रेसिंग कार डिझाइन करून जामिनाचे पैसे उभे केले. ऑगस्ट १९४७ मध्ये पोर्श सुटले तेव्हा तब्येत खालावलेली होती. पोर्श नावाची पहिली स्पोर्ट्स कार, ३५६, १९४८ मध्ये फेरीनं बनवली. ३० जानेवारी १९५१ रोजी फर्डिनांड पोर्श गेले. वय होतं ७५.

मग पनवेलच्या गाडीचं काय?

पोर्श यांचं गणित बॅटरीच्या वजनापाशी अडलं होतं. तेवढ्याच वजनात लिथियम-आयन बॅटरी लेड-ॲसिडच्या चार-पाच पट वीज साठवते. म्हणूनच जुन्या हायब्रिडला प्लग-इन करणं शक्य झालं. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या हौशी लोकांनी प्रियस प्लग-इन केली तेव्हा सुरुवात लेड-ॲसिडनंच केली होती, लिथियम नंतर आलं. आपल्याकडे पुण्याच्या केपीआयटीनं भारत फोर्जच्या साथीनं २०१० मध्ये रेव्होलो हे किट दाखवलं होतं. चालू गाडीला बॅटरी आणि मोटर जोडून ती प्लग-इन हायब्रिड करायची, अशी ती कल्पना.

पण नुसती बॅटरी बदलली की झालं, असं नाही. जुन्या गाडीचा कंट्रोलर निकेलच्या बॅटरीचं व्होल्टेज आणि तापमान ओळखतो, लिथियमचं नाही. त्यामुळे प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम लागते, वेगळा चार्जर लागतो, थंड ठेवायची सोय लागते. लिथियम सेल जास्त चार्ज झाला तर आग लागू शकते. किट एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेनं तपासून मंजूर केलेलं हवं. एमएच ४६ पासिंगची गाडी असेल तर पनवेल आरटीओत आरसीवर बदलाची नोंद हवी आणि विमा कंपनीलाही कळवायला हवं. नाहीतर अपघात झाल्यावर क्लेम अडकतो.

सेम्पर व्हीवसची एक प्रतिकृती पोर्श कंपनीनं २०११ मध्ये जुन्या आराखड्यांवरून बनवली, आणि ती चालते. रोझेनबर्गर यांचं नाव मात्र कंपनीच्या इतिहासात कित्येक वर्षं जेमतेमच घेतलं जात होतं. फर्डिनांड पोर्श यांची गोष्ट सांगायची तर या दोन्ही गोष्टी सांगाव्या लागतात.