उपमेय आणि उपमान : डॉ. के. एस. कृष्णन यांचे दिल्लीपर्व

दिल्लीच्या पुसा परिसरात राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा ज्या रस्त्यावर उभी आहे, त्या रस्त्यास डॉ. के. एस. कृष्णन यांचे नाव दिलेले आहे. विज्ञानाच्या इतिहासात मात्र हे नाव बहुधा दुसऱ्या एका थोर नावाच्या सावलीतच उच्चारले जाते. रामन परिणामाच्या शोधातील सहकारी, एवढीच त्यांची ओळख सामान्यतः करून दिली जाते. आयुष्याच्या अखेरच्या चौदा वर्षांचे त्यांचे दिल्लीपर्व त्यामुळे उपेक्षित राहिले आहे.

करियमाणिक्कम श्रीनिवास कृष्णन यांचा जन्म ४ डिसेंबर १८९८ रोजी तमिळ प्रदेशातील वत्रप या गावी झाला. आण्डाळच्या श्रीविल्लिपुत्तूरपासून हे गाव फारसे दूर नाही. तमिळ व संस्कृत वाङ्मयाचे संस्कार त्यांच्यावर बालपणापासून झाले आणि हा व्यासंग त्यांनी जन्मभर जोपासला. मदुराई व मद्रास येथील शिक्षण आटोपून ते १९२० साली कलकत्त्यास गेले आणि १९२३ मध्ये रामन यांच्या मार्गदर्शनाखाली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत संशोधन करू लागले. १९२८ च्या फेब्रुवारीतील प्रकाश-प्रकीर्णनाचे प्रयोग त्यांच्या हातून झाले व त्या दिवसांची रोजनिशीही त्यांनी लिहून ठेवली. शोधाची पहिली वार्ता देणाऱ्या टिपणावर रामन यांच्या जोडीने त्यांचे नाव होते. १९३० चे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. कृष्णन तोवर डाक्का विद्यापीठात रुजू होऊन स्फटिकांच्या चुंबकीय गुणधर्मांकडे वळले होते. १९३३ मध्ये ते महेंद्रलाल सरकार प्राध्यापक म्हणून कलकत्त्यास परतले. १९४० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना लाभले, आणि १९४२ मध्ये ते अलाहाबाद विद्यापीठात गेले.

४ जानेवारी १९४७ रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते दिल्लीत राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची कोनशिला बसली. तिचे पहिले संचालक म्हणून कृष्णन यांची नियुक्ती झाली. २१ जानेवारी १९५० रोजी सरदार पटेलांनी तिचे उद्घाटन केले. वजन, लांबी, तापमान यांची प्रमाणे राखणारी ही राष्ट्राची संस्था. तिच्या उभारणीत एखाद्या संशोधकाचे संशोधन सहज लोपून गेले असते. कृष्णन यांनी ते होऊ दिले नाही. तापलेल्या धातूंतून व ग्राफाइटमधून इलेक्ट्रॉन कसे बाहेर पडतात, या तापायनिक प्रश्नाचा अभ्यास त्यांनी येथे आरंभिला.

या अभ्यासातूनच एक साधा दिसणारा प्रश्न पुढे आला. निर्वात पोकळीत ताणलेल्या बारीक दांड्यातून विद्युत्प्रवाह सोडला, तर त्याच्या लांबीवर तापमान कसे वाटले जाते? मध्यभाग लाल होतो, पण टोके आधारांना जोडलेली असल्याने थंड राहतात. दांडा पुरेसा लांब असेल, तर मधला बराच भाग समान तापमानाचा असतो. तो आखूड असेल, तर टोकांचा गारवा थेट मध्यापर्यंत पोहोचतो. इलेक्ट्रॉनांचे उत्सर्जन तापमानानुसार अत्यंत झपाट्याने बदलते. तापमानाची लहानशी चूकही म्हणूनच सारे निष्कर्ष बिघडवू शकते. निर्वात नलिकांतील तंतूंच्या बाबतीतही हाच प्रश्न होता.

उष्णता आणि वीज यांचे साधर्म्य जुने आहे. फूरिएने १८२२ मध्ये उष्णतावहनाचे गणित मांडले आणि ओमने १८२७ मधील आपल्या ग्रंथात त्याच धर्तीवर विद्युत्प्रवाहाचा विचार केला. ओमच्या प्रयोगांना लागणारे स्थिर विभवांतरही त्याने उकळते पाणी व बर्फ यांत ठेवलेल्या दोन धातूंच्या सांध्यांपासूनच मिळवले होते. पुढे उपमेय आणि उपमान यांची जागा बदलली. विजेचे मंडल अधिक परिचित झाले आणि उष्णतेचे वर्णन त्याच्या भाषेत होऊ लागले. तापमानातील फरक म्हणजे विभवांतर, उष्णतेचा ओघ म्हणजे प्रवाह, त्याला होणारा अडथळा म्हणजे रोध आणि पदार्थाची उष्णता साठवण्याची शक्ती म्हणजे धारित्र. ट्रान्झिस्टरमधील उष्णता त्याच्या कवचातून धातूच्या पंखांकडे व तेथून हवेत कशी जाईल, हे आजही एकसर जोडलेल्या रोधांची साखळी मानूनच काढले जाते.

या दृष्टीने पाहता तप्त दांडा म्हणजे वाटेत ठिकठिकाणी गळती असलेली तारयंत्राची केबल होय. मात्र उपमा येथे एका मर्यादेपर्यंतच चालते. विजेला उत्तम दुर्वाहकाने कोंडता येते. उष्णतेला तसा दुर्वाहक नाही, कारण तांबे आणि स्थिर हवा यांच्या उष्णतावाहकतेत सुमारे सोळा हजारपटींचेच अंतर आहे. हवा काढून टाकली, तरी प्रारण उरतेच. साध्या रोधातील गळती विभवांतर दुप्पट झाल्यास दुप्पट होते, तर निरपेक्ष तापमान दुप्पट झाल्यास प्रारण सोळापट होते. अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे, तर येथे उपमा संपते आणि व्यतिरेक सुरू होतो. कृष्णन यांचे काम नेमके या सीमेवरचे आहे. एस. सी. जैन यांच्यासमवेत त्यांनी १९५४ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात या दांड्याचे गणित मांडले. चतुर्थघाताचे ते अवघड समीकरण सोयीसाठी सरळ करून टाकण्याचा मोह त्यांनी टाळला.

कृष्णन यांनी तमिळमधूनही विज्ञानविषयक लेखन केले. एका क्षेत्रातील संकल्पना दुसऱ्या भाषेत नेताना काय टिकते आणि काय निसटते, याची जाण अशा लेखकाला सतत ठेवावी लागते. तप्त दांड्याच्या गणितात तीच सावधता दिसते. साम्याचा लाभ घ्यावा, परंतु भेद लपवू नये, ही त्यांच्या कार्याची शिकवण तौलनिक साहित्याच्या अभ्यासकालाही परकी वाटणार नाही.

१९५४ मध्ये पद्मभूषण आणि १९५८ मध्ये पहिले शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. १४ जून १९६१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हाही ते त्या प्रयोगशाळेचे संचालक होते. कलकत्त्यातील शोधाला दुसऱ्याचे नाव लाभले, दिल्लीतील गणिताला कोणाचेच नाव लागले नाही. परंतु तापलेल्या तारेचे खरे तापमान जाणू पाहणाऱ्याला त्या गणिताकडे वळावे लागते. त्यांच्या दिल्लीपर्वाचे मोल यातच आहे.