इरेन क्यूरी : क्ष-किरणांच्या खोलीतली नर्स

मादाम क्यूरी आपल्याला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असतात. त्यांची थोरली मुलगी इरेन हिचे नाव मात्र बहुतेकांना नोबेल विजेत्यांच्या यादीतच भेटते. नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी ही मुलगी युद्धभूमीवर नर्स होती, आणि पुढे पोटात बाळ असतानाही किरणोत्सारी पदार्थांवर काम करत राहिली. आज क्ष-किरण विभागात, कॅथलॅबमध्ये किंवा ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणाऱ्या सिस्टरला दिवस गेल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हाच, की या कामाचा बाळाला त्रास तर होणार नाही ना? इरेनच्या काळात या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणाकडेच नव्हते.

इरेनचा जन्म १२ सप्टेंबर १८९७ रोजी पॅरिसमध्ये झाला. ती पोटात असताना मादाम क्यूरी पोलादाच्या चुंबकीय गुणधर्मांचा अभ्यास करत होत्या. किरणोत्साराकडे त्या वळल्या त्या इरेनच्या जन्मानंतर. त्यामुळे इरेनच्या वाट्याला आईच्या पोटात रेडियम आले नाही. पुढच्या वेळी तसे राहिले नव्हते. १९०३ च्या जूनमध्ये मादाम क्यूरींनी डॉक्टरेटचा प्रबंध मांडला तेव्हा त्या पुन्हा गरोदर होत्या. ऑगस्टमध्ये, पाचव्या महिन्यात त्यांचा गर्भपात झाला. आपण स्वतःला फार दमवले, असा दोष त्यांनी स्वतःलाच दिला. चार वर्षे खनिजाची घमेली उपसणे, उकळत्या कढया ढवळणे, विषारी धूर आणि त्या जोडीला किरणोत्सार. यातले नेमके कशाने घडले, हे आज सांगता येणार नाही. पण किरणांवर संशय घ्यावा, हे तेव्हा कोणाच्या मनातही आले नाही. १९०४ च्या डिसेंबरमध्ये धाकटी एव्ह जन्मली.

आईवडील प्रयोगशाळेत असत, त्यामुळे इरेनला वाढवले ते आजोबांनी. युजेन क्यूरी हे निवृत्त डॉक्टर होते. १९०६ मध्ये वडील पिएर घोडागाडीखाली सापडून गेले तेव्हा इरेन आठ वर्षांची होती. १९१० मध्ये आजोबाही गेले. मुलगी अबोल, गणितात तल्लख आणि सहसा न घाबरणारी होती.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. फ्रेंच सैनिकांच्या अंगात तोफगोळ्यांचे तुकडे घुसत आणि सर्जनला ते अंदाजाने शोधावे लागत. मादाम क्यूरींनी मोटारगाड्यांवर क्ष-किरण यंत्रे बसवली आणि त्या आघाडीकडे नेल्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये पहिल्या फेरीला त्यांच्याबरोबर सतरा वर्षांची इरेन होती. तिने नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून पदविका मिळवली आणि थोड्याच काळात बेल्जियममधल्या होगस्टाडच्या लष्करी रुग्णालयातला क्ष-किरण विभाग तिच्या एकटीच्या हाती आला. पुढे ती अमियाँला होती. दोन वेगवेगळ्या कोनांतून प्रतिमा घ्यायची, भूमितीने हिशेब करायचा आणि तुकडा कातडीखाली किती खोल आहे ते सर्जनला सांगायचे, हे तिचे काम. वयाने दुप्पट असलेल्या लष्करी डॉक्टरांना आधी ते पटत नसे. तुकडा सांगितल्या जागी सापडला की पटत असे. १९१६ पासून पॅरिसमध्ये मायलेकींनी मिळून तरुण स्त्रियांना हे काम शिकवले. अशा सुमारे दीडशे स्त्रिया तयार झाल्या. त्यांत परिचारिका होत्या, तशा घरकाम करणाऱ्या मुलीही होत्या.

या सगळ्या जणींना संरक्षण किती होते? हातात कापडी हातमोजे, शिशाचा लहानसा पडदा, आणि जमेल तेव्हा किरणांच्या झोताबाहेर उभे राहणे. कापड क्ष-किरण अडवत नाही. दिवसभर यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या त्या मुलींच्या शरीरात किती किरण गेले, याची मोजदाद झालीच नाही. युद्ध संपल्यावर इरेनला लष्करी पदक मिळाले. लढाई चालू असतानाच तिने सोरबॉन विद्यापीठाच्या परीक्षाही दिल्या होत्या.

युद्धानंतर ती आईच्या रेडियम इन्स्टिट्यूटमध्ये साहाय्यक झाली. १९२५ मध्ये पोलोनियमच्या अल्फा किरणांवर तिला डॉक्टरेट मिळाली आणि १९२६ मध्ये सहकारी फ्रेडरिक जोलिओ यांच्याशी तिने लग्न केले. डॉ. इरेन जोलिओ-क्यूरी यांची मुलगी एलेन १९२७ च्या सप्टेंबरमध्ये जन्मली. याच सुमारास त्यांना क्षयाचे निदान झाले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. विश्रांती आणि डोंगरावरची हवा हाच उपचार होता. मधूनमधून त्या सॅनेटोरियममध्ये जात, आणि बरे वाटले की पुन्हा प्रयोगशाळेत येत.

१९३२ चा जानेवारी महिना विज्ञानाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. इरेन आणि फ्रेडरिक यांनी पोलोनियमचे अल्फा किरण बेरिलियमवर सोडले. त्यातून निघालेले काहीतरी मेणाच्या पट्टीतून प्रोटॉन उडवत होते. ते शक्तिशाली गॅमा किरण असावेत, असा अर्थ दोघांनी लावला. महिन्याभरात इंग्लंडमध्ये जेम्स चॅडविक यांनी दाखवून दिले की तो आजवर न सापडलेला कण, न्यूट्रॉन होता. दोघांच्या हातून एक मोठा शोध थोडक्यात निसटला, हे भौतिकशास्त्राची पुस्तके सांगतात. पण एक तारीख सहसा त्याच्या शेजारी ठेवली जात नाही. इरेन यांचा मुलगा पिएर १२ मार्च १९३२ ला जन्मला. म्हणजे त्या प्रयोगाच्या वेळी त्यांना सातवा-आठवा महिना चालू होता. पोलोनियमचे अल्फा किरण साध्या कागदानेही अडतात, पण पदार्थ श्वासातून किंवा पोटात गेला तर तो घातक असतो. न्यूट्रॉन मात्र शरीरात खोलवर जातात. प्रयोगाची मात्रा छोटी असेल, पण ती मोजणारा बिल्ला त्यांच्या अंगावर नव्हता.

दोन वर्षांनी, जानेवारी १९३४ मध्ये यश आले. ॲल्युमिनियमवर अल्फा किरण सोडल्यावर काही मिनिटे टिकणारा किरणोत्सारी फॉस्फरस तयार झाला. माणसाने कृत्रिमरीत्या घडवलेला हा पहिला किरणोत्सारी पदार्थ. आज थायरॉइडच्या तपासणीपासून कर्करोगाच्या स्कॅनपर्यंत वापरले जाणारे अनेक पदार्थ याच वाटेने आले. मादाम क्यूरींना हा शोध पाहता आला. त्याच वर्षी ४ जुलैला रक्तनिर्मिती थांबवणाऱ्या ॲप्लास्टिक ॲनिमियाने त्या गेल्या. १९३५ चे रसायनशास्त्राचे नोबेल इरेन आणि फ्रेडरिक यांना मिळाले. १९३६ मध्ये इरेन काही काळ फ्रान्सच्या सरकारात संशोधन खात्याच्या उपमंत्री होत्या. फ्रेंच स्त्रियांना तेव्हा मताचा हक्कही नव्हता. भारताशीही त्यांचा एक धागा आहे. मेघनाद साहा यांनी कोलकात्यात उभारलेल्या अणुभौतिकी संस्थेचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये त्यांच्याच हस्ते झाले.

१७ मार्च १९५६ रोजी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, इरेन रक्ताच्या कर्करोगाने पॅरिसमध्ये वारल्या. युद्धातले क्ष-किरण आणि प्रयोगशाळेतले पोलोनियम यांचा त्यात हात असावा, असे मानले जाते. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांचा एक प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला. गरोदरपणी ज्या आयांच्या पोटाचे क्ष-किरण काढले गेले, त्यांच्या मुलांत कर्करोगाचे प्रमाण जास्त दिसत होते. सुरुवातीला अनेक डॉक्टरांनी तो मानला नाही. पुढच्या अभ्यासांनी त्याला बळ दिले आणि गरोदर स्त्रीचे क्ष-किरण सरसकट काढण्याची पद्धत मागे पडली.

इरेन यांची दोन्ही मुले शास्त्रज्ञ झाली आणि दीर्घायुषी ठरली. यावरून किरणांनी काही होत नाही, असा अर्थ कोणी काढू नये. दोन मुलांवरून नियम ठरत नाही. तसाच, मादाम क्यूरींच्या एका गर्भपातावरून क्ष-किरण विभागातली प्रत्येक नर्स धोक्यात आहे, असेही म्हणता येत नाही. प्रश्न मात्रेचा आणि वेळेचा असतो. गर्भातल्या पेशी झपाट्याने विभागत असतात, म्हणून त्या किरणांना मोठ्या माणसाच्या पेशींपेक्षा जास्त संवेदनशील असतात. पहिल्या दोन महिन्यांत अवयव आकार घेतात. आठव्या ते पंधराव्या आठवड्यात मेंदूची घडण सर्वांत नाजूक टप्प्यावर असते. मात्र व्यंग निर्माण करणारी मात्रा आणि नियम पाळून काम करणाऱ्या नर्सला मिळणारी मात्रा, यांत फार मोठे अंतर आहे.

आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम आहेत. किरणोत्साराशी संबंधित काम करणाऱ्या स्त्रीने गरोदर असल्याचे कळताच संस्थेला सांगावे, आणि त्यानंतर बाळंतपणापर्यंत गर्भाला मिळणारी मात्रा १ मिलिसिव्हर्टच्या वर जाऊ नये, अशी कामाची आखणी करावी लागते. अशा वेळी नोकरी सोडायची नसते, कामाची जागा किंवा पद्धत बदलायची असते. टीएलडी बिल्ला शिशाच्या एप्रनच्या आत, छातीशी लावायचा. एप्रन घडी घालून फेकायचा नाही, कारण घडीवर शिशाचा थर तडकतो. सी-आर्म चालू असताना एक पाऊल मागे सरकले तरी मात्रा बरीच घटते. रुग्णाला धरून ठेवण्याचे काम गरोदर नर्सकडे देऊ नये.

गरोदर सिस्टरच्या वाटेत किरणांखेरीज आणखीही गोष्टी असतात. केमोथेरपीची औषधे हाताळणे, जड रुग्ण एकटीने उचलणे, सलग रात्रपाळ्या, गोवर-कांजिण्यांचे रुग्ण. रुबेलाची लस दिवस राहण्याआधीच घेतलेली असावी, कारण ती गरोदरपणी देत नाहीत. यातले प्रत्येक काम दुसऱ्या कोणाकडे सोपवता येते. अट एकच, की वॉर्डच्या इन्चार्जला ते वेळेत कळले पाहिजे. तीन महिने झाल्याशिवाय बातमी सांगू नये, अशी आपल्याकडे रीत आहे. घराबाहेर ती जरूर पाळावी. क्ष-किरण विभागात मात्र नेमके तेच तीन महिने मोलाचे असतात, तिथे पहिल्याच आठवड्यात सांगावे.

इरेन यांच्या पिढीने हे ज्ञान स्वतःच्या शरीरावर झेलून मिळवून दिले. त्यांच्या अंगावर नसलेला तो बिल्ला आज एखाद्या सिस्टरच्या खिशात, नाहीतर लॉकरमध्ये पडून असेल, तर तो आजच्या ड्युटीला छातीशी लावायला हवा.