जवळच्या वाटेचा शोध

हॉलंड देशातील रॉटरडॅम हे मोठे गजबजलेले बंदर. तेथे ११ मे १९३० रोजी एड्सखर डाइकस्ट्रा यांचा जन्म झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ होते, आई गणितात पारंगत होती. गणित लांबत चालले की आपली वाट चुकली असे समजावे, हा धडा त्यांना आईकडून मिळाला.

१९५२ पासून ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात संगणकासाठी आज्ञावली लिहू लागले. हा व्यवसाय इतका नवा होता की, १९५७ साली विवाहाच्या नोंदीत तो लिहून घेण्यास अधिकारी तयार होईनात! शेवटी तेथे भौतिकशास्त्रज्ञ अशी नोंद झाली.

१९५६ साली केंद्राने आर्माक हा नवा संगणक बांधला. त्याचे सामर्थ्य लोकांस दाखवायचे, तर प्रश्नही सर्वांना कळेल असा हवा. एका शहरातून दुसऱ्या शहरी जाण्याचा सर्वांत जवळचा मार्ग कोणता, हा प्रश्न डाइकस्ट्रांनी निवडला. एके दिवशी वाग्दत्त वधूसह बाजारहाट करून थकल्यावर ते एका उपाहारगृहाबाहेर कॉफी घेत बसले होते. हाती कागद नव्हता, पेन्सिलही नव्हती. वीस मिनिटांत त्यांना रीत सुचली.

रीत अशी : निघण्याच्या गावाला सर्वांत जवळचे जे गाव, त्याचे अंतर प्रथम पक्के करावे. मग त्या गावावरून पुढे जाणारे रस्ते मोजावेत. एखाद्या गावाची नवी वाट जुन्या वाटेहून कमी भरली, तर जुना आकडा खोडून नवा लिहावा. उरलेल्या गावांत ज्याचा आकडा सर्वांत लहान, ते आता पक्के झाले. इष्ट गाव पक्के होईपर्यंत हेच करीत जावे. आर्माकसाठी त्यांनी ६४ शहरांचा नकाशा घेतला होता. १९५९ साली ही रीत अवघ्या तीन पानांत प्रसिद्ध झाली.

पुढे आइंडहोवेन येथे प्राध्यापक असताना त्यांनी थोड्या सहकाऱ्यांसह संगणकाची कार्यप्रणाली रचली. अनेक कामे एकाच वेळी चालली की क्वचित एखाद्या क्षणी चूक घडते, आणि शोधू जावे तो ती दडून बसते. म्हणून त्यांनी प्रणालीचे थर केले. एक थर निर्दोष ठरल्यावरच त्यावर दुसरा चढवायचा. दोन कामांची टक्कर टाळण्यासाठी त्यांनी रेल्वेच्या हातासारखे सिग्नल योजले. १९७२ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

जवळच्या वाटेच्या रीतीला मात्र निराळेच काम मिळाले. १९७९ साली अमेरिकेतील आर्पानेट या संगणकजाळ्याने ती स्वीकारली. एखादी तार तुटली की तसा निरोप सर्वत्र जाई, आणि प्रत्येक केंद्रयंत्र आपल्या नकाशावरून नव्या वाटा काढी. पण २७ ऑक्टोबर १९८० रोजी सारे जाळे काही तास ठप्प झाले! दोष वाट काढण्याच्या रीतीत नव्हता. वाटेतील एका यंत्राच्या बिघाडाने निरोपांचे क्रमांक बिघडले होते. तीन निरोप असे झाले की पहिल्याहून दुसरा नवा, दुसऱ्याहून तिसरा, आणि तिसऱ्याहून पुन्हा पहिला! यंत्रे ते अखंड फिरवीत राहिली. ते निरोप टाकून द्यावेत अशी आज्ञा दिल्यावरच जाळे पूर्ववत झाले.

१९८४ पासून डाइकस्ट्रा टेक्सासमधील ऑस्टिन येथे शिकवीत होते. आपली टिपणे ते शाईच्या लेखणीने, सुवाच्य अक्षरांत लिहीत व त्यांवर क्रमांक घालीत. अशी तेराशेहून अधिक टिपणे झाली. त्यांच्या प्रती ते स्नेह्यांना पाठवीत, स्नेही त्यांच्या आणखी प्रती काढून पुढे देत. ६ ऑगस्ट २००२ रोजी हॉलंडमधील न्यूनेन येथे त्यांचे निधन झाले.