कर्नालची पोर सातासमुद्रापार

तुमच्या गावात दहावी-बारावीला चांगले मार्क पाडणारी एखादी मुलगी असेलच. पुढं शिकते म्हणाली की घरात पहिला सवाल निघतो, एवढ्या लांब पाठवायचं कशाला? हाच सवाल १९८२ साली हरियाणातल्या कर्नालच्या एका घरात निघाला होता. ती मुलगी म्हणजे कल्पना चावला.

वडील बनारसीलाल फाळणीत सगळं सोडून आलेले. मिळेल तो छोटा धंदा करत पुढं टायरच्या धंद्यात स्थिरावले. चार भावंडांत कल्पना धाकटी. घरी तिला मोंटू म्हणत, शाळेत नाव घालताना 'कल्पना' हे नाव तिनंच निवडलं. जन्म १७ मार्च १९६२ चा, पण मॅट्रिकला वय कमी पडू नये म्हणून दाखल्यावर १ जुलै १९६१ लागली. असले किस्से आपल्या गुरुजींना नि ग्रामसेवकांना नवे नाहीत.

कर्नालला फ्लाइंग क्लब होता. तिथली विमानं बघत पोर वाढली. चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजात तिनं विमानांचीच शाखा मागितली. दुसरी घे, असं तिला समजावलं गेलं, पण ती हलली नाही. १९८२ साली पदवी घेतली.

मग अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात, आर्लिंग्टनला, एम.एस.ला प्रवेश मिळाला. घरचा होकार मात्र लवकर मिळेना. आता इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. परदेशातल्या विद्यापीठाचं प्रवेशपत्र म्हणजे पेरणीचा वापसा. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, सगळं सत्र सुरू व्हायच्या बेताला जमावं लागतं. वेळ गेली की वर्ष गेलं. अखेर होकार मिळाला आणि ती गेली.

१९८४ ला एम.एस. झालं. १९८८ ला कोलोरॅडो विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. विमानाभोवती वारा भोवरे घेत कसा वाहतो, याचं गणित संगणकावर मांडायचं, हा तिचा अभ्यास. त्याच जोरावर 'नासा'त काम मिळालं. १९९१ ला ती अमेरिकेची नागरिक झाली आणि १९९७ च्या नोव्हेंबरात 'कोलंबिया' यानातून अंतराळात गेली. भारतात जन्मलेली ती पहिली अंतराळवीर स्त्री.

जानेवारी २००३ मध्ये ती दुसऱ्यांदा निघाली. उड्डाणावेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखाला लागला आणि पंखाला भोक पडलं. १ फेब्रुवारीला परतताना तापलेली हवा त्यातून आत शिरली. उतरायला सोळा मिनिटं राहिली असताना यान टेक्सासवर फुटलं. सातही जण गेले. ज्या राज्यात ती शिकायला उतरली होती, त्याच्याच आभाळात.

तिच्या कर्नालच्या शाळेतली दोन मुलं १९९८ पासून दरसाल 'नासा' बघायला जात. ही वाट तिनंच पाडून दिली होती. आणि २००२ ला सोडलेल्या आपल्या हवामान उपग्रहाला पुढच्या वर्षी 'कल्पना-१' नाव मिळालं. २०१७ पर्यंत ढगांची चित्रं त्यानं पाठवली. पावसाच्या अंदाजाला त्यांचा आधार होता.

तेव्हा बाबांनो, पोरगी फॉर्म घेऊन आली तर 'बघू पुढच्या साली' म्हणू नका. अन् सरपंच, तलाठी, ग्रामसेवक मंडळी, तिचा दाखला टेबलावर पडून राहू देऊ नका. प्रवेशाची तारीख कुणासाठी थांबत नाही.