सोन्याचे खडक ओळखणारे फूट साहेब

बालमित्रांनो, डोंगरात चकाकणारी गारगोटी सापडली की तुम्ही ती मुठीत धरून माझ्याकडं पळत येता. प्रश्न ठरलेला. गुरुजी, ह्यात सोनं असंल का? म्हणून आज मी जन्मभर दगड पाहणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगतो. त्यांचं नाव रॉबर्ट ब्रूस फूट.

फूट साहेबांचा जन्म 1834 साली इंग्लंडात चेल्टनहॅम गावी झाला. 1858 मध्ये ते भारताच्या भूगर्भ खात्यात नोकरीला लागले. दक्षिणेतला मुलूख तुडवत नकाशे करायचे, हे त्यांचं काम. 30 मे 1863 रोजी मद्रासजवळ पल्लावरमला त्यांना माणसानं घडवलेला एक दगड सापडला. ती अश्मयुगातली हातकुऱ्हाड होती! इतिहासाच्या पुस्तकांत त्यांचं नाव येतं ते ह्यामुळं. मला मात्र त्यांचं सोन्याचं काम जास्त मोलाचं वाटतं.

धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथं गदगजवळ डंबळच्या डोंगरात नाल्याची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे लोक होते. त्यांना जलगार म्हणत. साहेबांनी त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या माणसांकडून समोर वाळू धुऊन घेतली. कण निघाले, पण थोडेच. 1874 साली त्यांनी त्यावर लिहिलं, पण थोड्याला फार म्हटलं नाही. ही गोष्ट लहान नव्हे. पुढं 1880 च्या सुमारास वायनाडमध्ये सोनं आहे म्हणून लंडनमध्ये कंपन्यांवर कंपन्या निघाल्या, लोकांनी पैसे ओतले आणि ते बुडाले.

आता सोनं दगडात येतं कसं? फार पूर्वी समुद्राच्या तळाशी काळा गाळ साचला. त्यात कुजलेल्या जीवांचा कोळसा होता, गंधक होतं, आणि सोन्याचा अगदी सूक्ष्म अंश होता. गाळ दबून काळा शेल झाला. आपल्या पाटीच्या दगडासारखे त्याचे पापुद्रे निघतात. पुढं तो खोल गेला, तापला. खोलातलं कढत पाणी असल्या खडकांतलं सोनं विरघळवून भेगांतून वर चढलं. वर दाब कमी झाला, भोवतालच्या कोळशाशी नि लोहाशी पाण्याची गाठ पडली, की सोनं पाण्यातून सुटलं. त्याच भेगेत गारेचा पांढरा दगड भरला. तीच सोन्याची शीर. सगळ्याच शिरा काळ्या शेलमध्ये नसतात. कोलारच्या तर जुन्या लाव्हाच्या खडकात आहेत. गदगकडं मात्र शिरांच्या शेजारी असले काळे थरही आढळतात.

दक्षिणेतलं बहुतेक सोनं एकाच जातीच्या पुरातन खडकांच्या पट्ट्यांत आहे, हे फूट साहेबांनी ओळखलं. त्या खडकांना त्यांनी धारवाड हे नाव दिलं. ते अडीचशे कोटी वर्षांहून जुने. आपल्या धारूरचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, म्हणून आपल्या गारगोटीत सोन्याची शीर नाही. पिवळं चमकलंच तर हातोडीनं ठोकून बघा. सोनं चपटं होतं, पायराइटचा भुगा होतो.

आपला बीड जिल्हा ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्यात रायचूरकडं हट्टीची खाण होती. ती आजही चालू आहे. कोलारची 2001 साली बंद पडली. त्याच रायचूर भागात मस्कीला 1915 मध्ये सोनं शोधणाऱ्या एका इंजिनियराला अशोकाचा शिलालेख सापडला, आणि त्यात अशोक हे नाव चक्क कोरलेलं निघालं!

साहेब 1891 मध्ये निवृत्त झाले, पण घरी बसले नाहीत. बडोदा आणि म्हैसूर संस्थानांसाठी खडक पाहत हिंडले. 1912 च्या डिसेंबरात ते वारले. त्यांनी जमवलेली दगडी हत्यारं मद्रासच्या, म्हणजे आताच्या चेन्नईच्या, सरकारी संग्रहालयात ठेवलेली आहेत.