अवकलनाला भक्कम पाया देणारे कोशी

पॅरिसमधील बॅस्टिलचा तुरुंग १४ जुलै १७८९ रोजी पडला. त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, २१ ऑगस्टला, त्याच शहरात ऑगस्टिन लुई कोशी यांचा जन्म झाला. वडील राजसत्तेच्या सेवेतील अधिकारी होते. क्रांतीने उग्र रूप धारण करताच कुटुंबाला आर्क्यूई या गावी आश्रय घ्यावा लागला आणि तेथे अन्नाचीही ददात सोसावी लागली. राजनिष्ठा आणि कॅथलिक श्रद्धा या दोन गोष्टी त्या घरात रुजल्या, त्या कोशी यांच्या मनातून अखेरपर्यंत ढळल्या नाहीत. गणितातही त्यांचा स्वभाव असाच होता. मोघमपणा त्यांना खपत नसे.

विख्यात गणिती लाग्रांज हे वडिलांच्या परिचयाचे होते. मुलाची बुद्धी त्यांनी हेरली; मात्र आधी त्याला भाषा आणि साहित्य शिकवा, असा सल्ला दिला. पुढे कोशी अभियंता झाले आणि १८१० मध्ये नेपोलियनच्या नौदलासाठी शेरबूर येथे बांधल्या जाणाऱ्या बंदराच्या कामावर रुजू झाले. गणिताचे संशोधन चालूच होते. १८१६ मध्ये फ्रेंच विज्ञान अकादमीतून माँज यांना राजकीय कारणाने काढण्यात आले आणि त्या जागी कोशी यांची नेमणूक झाली. ती स्वीकारताना त्यांनी संकोच केला नाही, याचा सल अनेक सहकाऱ्यांच्या मनात राहिला.

न्यूटन आणि लायब्निझ यांचे कलनशास्त्र तोवर शतकाहून अधिक काळ वापरात होते. उत्तरे बिनचूक येत, पण रीत डळमळीत होती. चौरसाची बाजू किंचित वाढवली तर क्षेत्रफळ कोणत्या दराने वाढते, हे काढताना त्या किंचित वाढीने भागायचे आणि शेवटी तीच वाढ शून्य मानून सोडून द्यायची. ती शून्य असेल तर भागता येत नाही आणि शून्य नसेल तर सोडता येत नाही. आयर्लंडचे बिशप बर्कली यांनी १७३४ मध्ये नेमक्या याच जागी बोट ठेवले होते. लाग्रांज यांनी १७९७ मध्ये अनंत श्रेणींचा आधार घेऊन ही अडचण टाळण्याचा प्रयत्न केला.

कोशी यांनी अडचण टाळली नाही. पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमधील अध्यापनातून १८२१ आणि १८२३ मध्ये त्यांची दोन पुस्तके सिद्ध झाली. त्यांत त्यांनी ‘सीमा’, म्हणजे लिमिट, ही कल्पना मध्यवर्ती ठेवली. बाजू ३ वरून ३.१ केली तर क्षेत्रफळ ९ वरून ९.६१ होते, वाढींचे गुणोत्तर ६.१. बाजू ३.०१ केली तर ते ६.०१ आणि ३.००१ केली तर ६.००१. बाजूतील वाढ शून्य कधीच करायची नाही, लहान लहान करत न्यायची. गुणोत्तर मग ६ च्या हवे तितके जवळ येते. हा ६ म्हणजे त्या ठिकाणचा अवकलज. शून्याने भागण्याचा प्रश्नच उरत नाही.

१८२३ च्या पुस्तकातील तिसऱ्या पाठात त्यांनी याच व्याख्येने साध्या फलनांचे अवकलज एकामागून एक काढून दाखवले आहेत: बेरीज, गुणाकार, व्यस्त, घात, लॉगरिथम, साइन, कोसाइन. साइनचे प्रकरण जरा अवघड. तेथे कोन शून्याकडे जाताना साइन आणि कोन यांचे गुणोत्तर १ कडे जाते, हे आधी सिद्ध करावे लागते. कोशी यांनी ते १८२१ च्या पुस्तकातच केले होते. आजही कनिष्ठ महाविद्यालयात ‘मूळ व्याख्येवरून अवकलज काढा’ असा प्रश्न येतो, तेव्हा विद्यार्थी जवळजवळ याच क्रमाने जातो.

तेव्हाच्या विद्यार्थ्यांना मात्र हे रुचले नाही. भावी अभियंत्यांना एवढी काटेकोर सिद्धता कशाला, अशी तक्रार संस्थेच्या प्रशासनापर्यंत गेली. कोशी बधले नाहीत. १८२२ मध्ये तर त्यांनी असे एक फलन पुढे ठेवले की ज्याची श्रेणी सर्वस्वी शून्य, पण फलन शून्य नव्हे. लाग्रांज यांची इमारत या एका उदाहरणाने कोसळली. अर्थात कोशी स्वतःही चुकले. सतत फलनांच्या अभिसारी श्रेणीची बेरीज नेहमी सततच असते, हे त्यांचे विधान नॉर्वेच्या तरुण आबेल यांनी १८२६ मध्ये अपवाद दाखवून खोडले. त्याच आबेल यांचा अकादमीकडे आलेला महत्त्वाचा निबंध कोशी यांच्याकडे पडून राहिला. १८२९ मध्ये आबेल वयाच्या २६ व्या वर्षी निवर्तले. निबंध छापला गेला तो १८४१ मध्ये. काटेकोरपणाच्या या पुरस्कर्त्याच्या चरित्रातील हा डाग पुसता येण्याजोगा नाही.

जुलै १८३० च्या क्रांतीत दहावे चार्ल्स पदच्युत झाले. नव्या राजाशी निष्ठेची शपथ घेण्यास नकार देऊन कोशी यांनी देश सोडला आणि अकादमीतील जागा वगळता सर्व पदे गमावली. तुरिन येथे त्यांनी काही काळ अध्यापन केले. १८३३ पासून प्रागमध्ये पदच्युत राजाच्या नातवाला ते शिकवू लागले. १८३८ मध्ये ते पॅरिसला परतले. अकादमीतील जागेसाठी शपथ लागत नव्हती, म्हणून ती टिकली. अध्यापनाची दारे मात्र १८४८ मध्ये शपथेची अट रद्द होईपर्यंत बंद राहिली. पुढे अट पुन्हा आली, तेव्हा तिसऱ्या नेपोलियनने त्यांना तीतून सूट दिली. कोशी यांनी आपले वेतन सो या गावातील गोरगरिबांसाठी दिले.

त्याच गावी २३ मे १८५७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या समग्र लेखनाचे प्रकाशन १८८२ मध्ये सुरू झाले. २७ खंड पूर्ण व्हायला १९७४ साल उजाडले.