पाण्याचा हिशोब मांडणारा अभियंता

पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहते आणि उन्हाळ्यात तिच्याच काठावरची माणसे घागरभर पाण्यासाठी वणवण करतात. वाहून जाणारे पाणी अडवायचे असेल, तर किती जागेत किती पाणी मावेल, याचा हिशोब आधी मांडावा लागतो. शाळेच्या गणितात याच मापाला घनफळ म्हणतात. या हिशोबाला लोककल्याणाची जोड देणारे थोर अभियंते म्हणजे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

विश्वेश्वरय्यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळी या खेड्यात १५ सप्टेंबर रोजी झाला. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. बेंगळुरूच्या सेंट्रल कॉलेजात शिकत असताना शिकवण्या करून त्यांनी आपला खर्च भागवला व १८८१ मध्ये बी.ए. पदवी मिळवली. पुढे म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याला आले. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांची पहिली नेमणूक नाशिकला झाली.

पुण्याजवळच्या खडकवासला तलावातून शहराला व शेतीला पाणी मिळत असे. पावसाळ्यात मात्र सांडव्यावरून पुष्कळ पाणी वाहून जाई. धरणाची भिंत उंच न करता हे पाणी कसे राखता येईल, हा विश्वेश्वरय्यांपुढील प्रश्न होता. त्यांनी सांडव्यावर बसवण्यासाठी स्वयंचलित दरवाजे तयार केले. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की ते आपोआप उघडत आणि पाणी ओसरले की आपोआप मिटत. १९०३ च्या सुमारास हे दरवाजे बसवले गेले. पाण्याची पातळी सुमारे ८ फुटांनी वाढली आणि साठ्यात सुमारे चौथाईची भर पडली.

एवढ्याशा उंचीने इतका फरक का पडावा? सरळ भिंतींची टाकी निम्म्या उंचीपर्यंत भरली, तर तिच्यात निम्मे पाणी मावते. परंतु टोक खाली असलेला शंकू निम्म्या उंचीपर्यंत भरला, तर त्यात केवळ आठवा हिस्सा पाणी मावते. कारण उंचीबरोबर त्याची रुंदीही वाढत जाते. नदीचे खोरेही तळाशी अरुंद व वर पसरट असते. म्हणून धरणात वरच्या प्रत्येक फुटाला खालच्या फुटापेक्षा अधिक पाणी साठते.

१९०९ मध्ये विश्वेश्वरय्या म्हैसूर संस्थानचे मुख्य अभियंता झाले. कावेरीवर कन्नंबाडी येथे मोठे धरण बांधण्याची योजना त्यांनी पुढे नेली. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या मद्रास इलाख्याला आपल्या शेतीच्या पाण्याची चिंता होती. त्यामुळे प्रथम सुमारे १,१०० कोटी घनफूट साठ्यालाच परवानगी मिळाली. त्यासाठी ८० फुटांची उंची पुरेशी होती. १९११ मध्ये काम सुरू झाले, तेव्हा पाया मात्र पुढील पूर्ण उंचीला पेलेल इतका रुंद घेण्यात आला. यात धोका होता. वाढीव उंचीला मंजुरी मिळाली नसती, तर पायावरचा जादा खर्च वाया गेला असता. उलट पाया अरुंद ठेवला असता, तर धरण पुढे वाढवणे अवघड झाले असते.

१९१२ ते १९१८ या काळात ते संस्थानचे दिवाण होते. त्यांनी पद सोडल्यावर, १९२४ मध्ये, दोन्ही सरकारांत करार झाला आणि धरणाला पूर्ण उंची देण्याचा मार्ग मोकळा झाला. आज कृष्णराजसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयात पाण्याची पातळी १२४.८ फुटांपर्यंत जाते व सुमारे ४,९०० कोटी घनफूट पाणी मावते. उंची दीडपटीहून थोडी अधिक वाढली. साठा मात्र चौपटीहून अधिक झाला. या पाण्यासाठी जुन्या कन्नंबाडीसह काही गावे बुडाली आणि तेथील कुटुंबांना घरदार सोडावे लागले, हेही विसरता येत नाही.

मंड्याची शेती या धरणामुळे बहरली. बेंगळुरूच्या घराघरांत येणारे कावेरीचे पाणीही याच जलाशयातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून असते. १९१७ मध्ये बेंगळुरूत अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन होण्यामागे विश्वेश्वरय्यांचीच प्रेरणा होती. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न हा सन्मान लाभला. वयाची शंभरी गाठून एप्रिल १९६२ मध्ये बेंगळुरू येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा जन्मदिन देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो.